अठ्ठावीस इंच

इनास आल्फायताचं दुकान बंद झालं,
पण वहीत माझं नाव अजून आहे, शाई तांबूस झालीय:
रोहिदास, चोडण. कंबर सव्वीस. बॉटम अठ्ठावीस.
म्हणजे कमरेपेक्षा घोट्याशी मी दोन इंचांनी मोठा.
इनासने चष्म्यावरून बघितलं होतं तेव्हा,
टेप गळ्यात तशीच,
"बाबा, पाय दोनच ना तुला?"

कापड तारवटी मावसभावाने आणलेलं, बाहरीनहून.
क्रिम्पलिन. रंग पिकल्या आंबाड्याचा.
घाम आत यायचा, बाहेर जायचा नाही.
शर्टाची कॉलर अशी की वाऱ्यात तोंड वळवलं
तर एक टोक डोळ्यात.
कल्ले जबड्यापर्यंत, मागच्या खिशात कंगवा,
आणि बकलावर गरुड;
जेवायला बसलो की बेंबीत चोच मारायचा.

हे सगळं अंगावर चढवलं
ते माशेलात मुलगी बघायला जायचं म्हणून.

ओहोटी होती.
फेरीबोटीची फळी चिखलात टेकलेली,
माझ्या आधी माझी विजार तिच्यावर चढली.
मांडवीतून खाणवाल्यांच्या बार्जेस लाल माती नेत होत्या,
मी शेरभर काळी नेली रायबंदरला,
तीही विनापरवाना.
घनःश्याममामा म्हणाले, दुमड की जरा.
दुमडतात का!
बेलबॉटम दुमडायची म्हणजे
मोराने पिसारा काखेत धरून नाचायचं.

माशेलात चपला दारात काढल्या. ओसरीवर बसवलं.
ती शिऱ्याची बशी घेऊन आली, मान खाली. रीतच तशी.
नाव विचारलं.
"शालन," तिने जमिनीला सांगितलं.
मी एकदा डावा कल्ला दाखवला, एकदा उजवा,
मामांना वाटलं मान आखडलीय.
मग तिच्या हातून चमचा पडला.
वाकली.
उचलायला जरा जास्तच वेळ लावला.
मी मनात तेवढ्यात लग्न उरकून घेतलं:
रूप बघून हात कापला, बिचारीचा.

एकतीस वर्षांनी, चतुर्थीची माटोळी बांधताना,
मी स्टुलावर, हातात सुपारीचा घोस,
ती खालून म्हणाली,
"वर बघायची सोय नव्हती हो.
तुमच्यातलं मला दिसले ते दोन तंबू.
आत पाय आहेत का, असले तर सुलटे आहेत का,
एवढं तरी मुलीने बघावं की नाही?"
मी घोस तसाच धरून.
"बोटं पुढेच होती. उजव्या अंगठ्याचं नख काळं.
म्हटलं, माणूस आहे. ठेच लागते याला.
म्हणून हो म्हटलं."

आणि कॉलर?
"कसली कॉलर?"
कल्ले?
"ते लग्नात दिसले. तोवर उशीर झाला होता."

पुढे सगळं गाव इनासकडे बॉटम आटवायला रांगेत,
पुढे मी सफारीही घातली, चॉकलेटी,
तीत मी पंचायतीचं कपाट दिसतो असं शालनचं मत.
तिचा फोटो आहे. मी दाखवत नाही.

त्या विजारीच्या एका पायाची
शालनने नुस्त्याची पिशवी शिवली.
क्रिम्पलिन मरत नाही.
दुसरा पाय कुठे गेला, सांगत नाही.

परवा नातू आला बाजारात माझ्याबरोबर,
गुडघे फाटलेली जीन्स, फाटलेलीच विकत घेतलेली.
पिशवी धरायला लाजला.
"आजोबा, हिला इस्त्रीची घडी कशाला?"
म्हटलं, आत बांगडे आहेत, नीट धर.
आणि त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिलो,
खरचटलेला, वर जुनी खपली.
बरं आहे.
कुणाला चमचा पाडावा लागणार नाही.